युरेनियम पकडल्याच्या बातम्या येतात, पण ही तस्करी थांबवायचं काम नक्की कोण करतं?

आडवळण

नमस्कार मंडळी, बरेच दिवस डोक्यात घोळतंय म्हणून धागा काढतोय. अधूनमधून बातमी येते की अमुक देशात इतके ग्रॅम, कधी इतके किलो युरेनियम पकडलं, दोन-चार जण अटकेत, काळ्या बाजारात किंमत कोटींच्या घरात, आणि दोन दिवसांनी सगळं चिडीचूप. तो माल खरंच युरेनियम होता का, आला कुठून, कोणाला विकणार होते, पुढे काही म्हणजे काही कळत नाही.

मला खरं जाणून घ्यायचंय ते हे की जगात यावर लक्ष ठेवणारी यंत्रणा नक्की कोणती आहे. आयएईएचं, म्हणजे आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेचं, नाव सगळीकडे येतं पण त्यांच्याकडे पोलीस आहेत का, ते धाड टाकू शकतात का? करार तर ढीगभर आहेत असं दिसतं. बंदरांवर, सीमेवर मशीन्स बसवलेली असतात म्हणे, मग ती असताना माल पुढे जातोच कसा? आणि एक गोष्ट सारखी खटकते, जवळपास प्रत्येक बातमीत गिऱ्हाईक म्हणून आलेला माणूस पोलीसच निघतो, मग खरं गिऱ्हाईक आहे तरी कोण?

जाणकारांनी सविस्तर लिहा, लांबलं तरी चालेल.

---

अणुरेणू

चांगला विषय काढलात. भौतिकशास्त्र शिकवतो त्यामुळे मालापासूनच सुरुवात करतो, बाकीचं इतर मंडळी लिहितीलच.

युरेनियम पकडलं एवढ्यावरून काहीच ठरत नाही, ते किती टक्क्यांचं ते आधी विचारायचं. खाणीतून निघतं त्या नैसर्गिक युरेनियममध्ये कामाचा भाग, म्हणजे यू-२३५, फक्त ०.७ टक्के असतो. विजेच्या अणुभट्टीला साधारण ३ ते ५ टक्के लागतो. २० टक्क्यांच्या वर गेलं की त्याला उच्च समृद्ध म्हणतात आणि अस्त्राला सहसा ९०च्या आसपासचं वापरतात. आयएईए हिशेबासाठी असं धरते की एका अस्त्राला पुरेल इतका माल म्हणजे उच्च समृद्ध युरेनियममधला २५ किलो यू-२३५, किंवा ८ किलो प्लुटोनियम, म्हणजे अणुभट्टीत तयार होणारा दुसरा अस्त्रायोग्य धातू. नैसर्गिक युरेनियम असेल तर हाच आकडा १० टनांवर जातो, आणि वर ते समृद्ध करायला अख्खा कारखाना लागतो. त्यामुळे पिशवीतून नैसर्गिक युरेनियम घेऊन हिंडणारा माणूस गुन्हेगार आहे, त्याला पकडायलाच हवं, पण त्याच्या पिशवीतून बॉम्ब निघत नाही आणि त्या मालाला ती बातमीतली किंमत द्यायला कोणी बसलेलं नसतं. या धंद्यात निव्वळ फसवणूकही खूप चालते. रेड मर्क्युरी नावाचा चमत्कारी पदार्थ वर्षानुवर्षं विकला गेला, तसा पदार्थच अस्तित्वात नाही.

आयएईएने १९९५ साली घटनांची नोंद ठेवणारा डेटाबेस सुरू केला. १४० हून जास्त देश त्यात आपणहून माहिती देतात आणि १९९३ पासूनच्या ४,००० हून जास्त घटना त्यात जमल्यात. पण यातल्या बहुतेक घटना बॉम्बच्या मालाच्या नाहीतच. रस्त्याच्या कामात मातीची घनता मोजायचं यंत्र गाडीसकट चोरीला गेलं, वेल्डिंगचे जोड तपासायचा इरिडियमचा स्रोत हरवला, भंगारात कोबाल्ट सापडलं, असलं सगळं. त्यातही चोरीच्या अर्ध्याहून जास्त घटना माल वाहतुकीत असताना घडलेल्या आहेत. उच्च समृद्ध युरेनियम किंवा प्लुटोनियम खरोखर हाती लागलं अशी प्रकरणं फार थोडी आहेत.

म्हणून हे किरकोळ समजू नका हं. ब्राझीलमधलं गोयानिया, १९८७. बंद पडलेल्या दवाखान्यात किरणोपचाराचं जुनं यंत्र तसंच सोडून दिलेलं, दोघांनी त्याचा भाग भंगारासाठी काढून नेला, भंगारवाल्याला आतली पूड अंधारात निळी चमकताना दिसली आणि कौतुकाने ती नातेवाइकांत वाटली गेली. ते सीझियम-१३७ होतं. चार जण गेले, त्यात सहा वर्षांची एक मुलगी होती, २४९ जणांच्या अंगावर किंवा शरीरात किरणोत्सर्ग सापडला आणि १ लाख १२ हजारांवर लोकांची तपासणी करावी लागली. जेमतेम ९० ग्रॅम पुडीचा हा हिशेब, आणि तोही कोणाचा काही वाईट हेतू नसताना. मुद्दाम कोणी केलं तर काय होईल याची भीती सगळ्यांना आहे ती इथूनच.

---

बंदरकाठ

मशीन्सबद्दल मी लिहितो, कंटेनर टर्मिनलवर बरीच वर्षं काम केलंय.

ट्रक ज्या दोन खांबांमधून हळू जातो त्याला रेडिएशन पोर्टल म्हणतात. खांबात गॅमासाठी प्लास्टिकच्या मोठ्या पट्ट्या असतात आणि न्यूट्रॉनसाठी बहुतेक ठिकाणी हीलियम-३ च्या नळ्या. ही प्लास्टिकची पट्टी स्वस्त आणि मोठी बनवता येते म्हणून वापरतात, पण ती फक्त एवढंच सांगते की इथे नेहमीपेक्षा जास्त काहीतरी आहे. काय आहे ते तिला कळत नाही. त्यामुळे अलार्म वाजतो तो कशाकशाने म्हणून सांगू, चिनीमातीच्या टाइल्स, ग्रॅनाइट, मांजराच्या शी-शूसाठी वापरतात ती माती, पोटॅशचं खत, थोरियमवाल्या वेल्डिंगच्या कांड्या, आणि कधी कधी ड्रायव्हरच, कारण त्याची नुकतीच थायरॉइडची किंवा हृदयाची आयसोटोप टेस्ट झालेली असते. मग तो ट्रक बाजूला घ्यायचा, हातातल्या यंत्राने कंटेनरभोवती फिरून कुठे जास्त दाखवतंय ते बघायचं, स्पेक्ट्रम, म्हणजे कुठल्या ऊर्जेचे किरण किती येतायत त्याचा आलेख, घ्यायचा, कागदपत्रावरचा माल आणि स्पेक्ट्रम जुळतोय का ते तपासायचं. पोटॅशियमची रेषा १४६० केईव्ही (किरणांच्या ऊर्जेचं माप) च्या आसपास, सीझियमची ६६२, हे पाठच होऊन जातं. आणि हे सगळं चालू असताना मागे ट्रकांची रांग लागलेली असते, कंपन्यांचे फोन चालू असतात, तेव्हा बारकाईने बघण्याची सवय टिकवणं हेच खरं कठीण काम.

आता धाग्यातला प्रश्न, माल जातो कसा. उच्च समृद्ध युरेनियम स्वतः फार कमी किरण सोडतं. त्याची ओळखीची रेषा १८६ ची, म्हणजे कमी ऊर्जेची, शिशाचा पातळ थरसुद्धा ती बऱ्यापैकी दाबून टाकतो. प्लुटोनियम न्यूट्रॉन सोडतं म्हणून ते लपवणं त्या मानाने अवघड. म्हणजे ज्या गोष्टीची सगळ्यात जास्त भीती तीच मशीनला सगळ्यात कमी दिसते.

बल्गेरियातलं रुसेचं प्रकरण बघा, १९९९, रुमेनियाच्या हद्दीवरची चौकी. तिथे कुठलंही मशीन वाजलं नव्हतं. गाडीवाला घाबरल्यासारखा वाटला म्हणून कस्टमवाल्याने नीट झडती घेतली, आधी युरेनियमबद्दलचा एक कागद सापडला आणि मग डिकीतल्या हवा भरायच्या पंपाच्या आत लपवलेली शिशाची डबी. आत काचेच्या कुपीत सुमारे ४ ग्रॅम युरेनियम, ७३ टक्क्यांच्या आसपास समृद्ध. म्हणजे एका माणसाच्या नजरेने पकडलं. अमेरिकेने १९९८ पासून सेकंड लाइन ऑफ डिफेन्स या कार्यक्रमातून आधी रशियात आणि मग इतर देशांत सीमेवर अशी पोर्टलं बसवायला मदत केली, २००३ पासून बंदरांसाठी मेगापोर्ट्स आलं, त्याचा उपयोग झालाच, विशेषतः भंगारातून येणारे स्रोत पकडायला. पण नावातच दुसरी फळी आहे. पहिली फळी म्हणजे जिथे माल ठेवलाय ती जागा.

---

कलमदान

आयएईएकडे पोलीस नाहीत, धाड टाकायचा अधिकार नाही, आणि चोराला शिक्षा द्यायचा तर नाहीच नाही. लोकांची इथे नेहमी गल्लत होते. आयएईएचे निरीक्षक जे जातात ते त्या देशाचं सरकार स्वतःच माल अस्त्राकडे वळवतंय का हे बघायला. चोरापासून माल सांभाळणं ही त्या त्या देशाची जबाबदारी, तिथे आयएईए मार्गदर्शक सूचना, सल्लागार, प्रशिक्षण एवढंच देऊ शकते आणि तेही बोलावलं तर. व्हिएन्नाजवळ सायबर्सडॉर्फला २०२३ मध्ये खास याच प्रशिक्षणाचं केंद्र सुरू झालंय.

करारांचं म्हणाल तर कणा एकच, अणुसामग्रीच्या भौतिक संरक्षणाचा करार. १९८० मध्ये सह्यांसाठी खुला झाला, १९८७ ला लागू. पण मूळ करारातले संरक्षणाचे नियम फक्त माल आंतरराष्ट्रीय वाहतुकीत असताना लागू होते. देशातल्या गोदामात, प्रयोगशाळेत तो कसा ठेवायचा यावर बंधन नाही. ही भोकं बुजवायला २००५ मध्ये दुरुस्ती झाली आणि ती अमलात यायला मे २०१६ उजाडलं, अकरा वर्षं, कारण दोन तृतीयांश देशांनी मान्यता दिल्याशिवाय ती लागू होणार नव्हती. या अकरा वर्षांचा मला खरोखर संताप येतो. पन्नासेक देशांचे नेते २०१० ला वॉशिंग्टन, २०१२ ला सोल, २०१४ ला हेग, परत २०१६ ला वॉशिंग्टन अशा चार शिखर परिषदांना जमले, फोटो निघाले, आणि घरी जाऊन संसदेत एक ठराव आणायला इतकी वर्षं.

दुसरा महत्त्वाचा कागद म्हणजे सुरक्षा परिषदेचा ठराव १५४०, एप्रिल २००४. हा करार नाही, म्हणजे सही केली तरच बंधन असं नाही, संयुक्त राष्ट्रांच्या सगळ्या सदस्यांना बांधील आहे. दहशतवाद्यांच्या हाती असली सामग्री जाऊ नये म्हणून प्रत्येकाने आपापल्या देशात कायदे करायचे, सीमा आणि निर्यात तपासायची, असं तो सांगतो. याला तात्कालिक कारण होतं. ऑक्टोबर २००३ मध्ये बीबीसी चायना नावाचं जहाज लिबियाला चाललं होतं, ते इटलीतल्या तारांतो बंदराकडे वळवलं आणि त्यात सेंट्रिफ्यूजचे, म्हणजे युरेनियम समृद्ध करायच्या यंत्राचे, भाग निघाले. पाकिस्तानचे अणुशास्त्रज्ञ ए. क्यू. खान यांचं तस्करीचं सगळं जाळं त्यानंतर उघड्यावर आलं, फेब्रुवारी २००४ मध्ये त्यांनी टीव्हीवर कबुली दिली. ते सुटे भाग बनवणाऱ्या काही कारखान्यांच्या देशात असे भाग बनवून बाहेर पाठवणं हा धड गुन्हाही ठरत नव्हता. १५४० आला तो त्यासाठी. शिवाय अणुदहशतवादाच्या कृत्यांविरुद्धचा करार २००५ चा, २००७ ला लागू, त्यात मुख्य म्हणजे आरोपीवर खटला चालवा नाहीतर त्याला हवाली करा.

एक मोठं भगदाड मात्र तसंच आहे. संरक्षणाचा करार फक्त नागरी कामाच्या मालाला लागू आहे. आणि जगातला अस्त्रायोग्य माल बहुतांश लष्कराच्या ताब्यात आहे, तो कसा सांभाळायचा याचे नेमके नियम कुठल्याही करारात नाहीत, ज्याने त्याने आपापलं बघायचं.

---

आडवळण

वा, एवढ्या लवकर एवढी माहिती मिळेल असं वाटलं नव्हतं, मनापासून आभार. बंदरकाठ म्हणाले पहिली फळी म्हणजे माल ठेवलाय ती जागा, मग आजवर पकडलेला माल कुठून निघाला हे कळलंय का? आणि पोलीसच गिऱ्हाईक असतात तो मुद्दा राहिलाच.

---

सांजवेळ

या विषयावर बरंच वाचलंय आणि माझ्या मते सगळ्यात मोठी गोष्ट अजून कोणी लिहिली नाहीये, म्हणून जरा लांब लिहिते.

उच्च समृद्ध युरेनियम आणि प्लुटोनियमची जी प्रकरणं उघड झाली त्यातल्या जवळपास सगळ्यांमध्ये, माल पकडला जाईपर्यंत ज्याचा माल त्याला तो गेलाय हे माहीतच नव्हतं. कुठे चोरीची तक्रार नाही, शोध नाही, काही नाही. आपण सीमेवर किती पकडलं याचे आकडे मोजतो, पण किती गेलं हे मूळ जागीच कोणी मोजलेलं नसेल तर सुटलेलं किती हा हिशेब होणारच नाही.

पोदोल्स्कचं प्रकरण बारकाईने बघण्यासारखं आहे. मॉस्कोजवळ लुच नावाचा कारखाना, १९९२, सोव्हिएत संघ नुकताच मोडलेला, महागाईने पगाराची किंमत उरलेली नाही. तिथे वर्षानुवर्षं काम करणाऱ्या एका कर्मचाऱ्याने पेपरात वाचलं की युरेनियमला बाहेर मोठी किंमत येते. त्याला कुलूप फोडायची गरजच नव्हती, माल रोज त्याच्या हातून जात होता. प्रक्रियेत काही टक्के माल वाया जातो असं धरून तेवढी तूट कारखाना मान्य करत असे, सोनाराकडे दागिना आटवताना घट धरतात तसं. हा माणूस काम इतकं काटेकोर करायचा की प्रत्यक्षात घट कमी यायची, आणि मान्य घट आणि खरी घट यातला फरक तो खिशात घालून घरी न्यायचा. कागदावर सगळं बरोबर. मे ते सप्टेंबर एवढ्या काळात त्याने असं थोडं थोडं करून साधारण दीड किलो ९० टक्क्यांचं युरेनियम घरच्या बाल्कनीत जमवलं. आणि पकडला गेला तो कसा, तर ऑक्टोबरमध्ये गिऱ्हाईक शोधायला मॉस्कोला निघाला, स्टेशनवर शेजारी भेटले, त्या शेजाऱ्यांनी बॅटऱ्या चोरल्या होत्या म्हणून पोलीस त्यांच्या मागावर होते, त्यांच्याबरोबर हाही सापडला. पोलिसांना युरेनियमची कल्पनाही नव्हती. त्या दिवशी शेजारी भेटले नसते तर आज आपल्याला हे प्रकरण माहीतच नसतं, हा विचार मला फार अस्वस्थ करतो.

पुढच्या वर्षी मुर्मान्स्कजवळ नौदलाच्या गोदामातून पाणबुडीच्या इंधनातलं साधारण साडेचार किलो समृद्ध युरेनियम गेलं. कुंपणाला भोक, दाराचं कुलूप करवतीने कापलं, आत शिरला, घेऊन गेला. चोरानं दार नीट लावलं असतं तर तेही बराच काळ कळलं नसतं. त्या तपासातल्या सरकारी वकिलांनी नंतर म्हटलं की बटाटे यापेक्षा चांगले सांभाळले जातात. जॉर्जियातून फुटलेल्या अबखाझियात तर सुखुमीच्या अणुसंशोधन संस्थेत १९९२-९३ च्या युद्धाच्या आधी ठेवलेलं युरेनियम, काही वर्षांनी रशियाचे लोक बघायला गेले तर नाहीच. ते कुठे गेलं याचा आजतागायत पत्ता नाही. ज्या प्रदेशाला बहुतेक जग देश मानत नाही तिथे करार कोणी पाळायचा, हा प्रश्न त्या कागदांमध्ये कुठेच सुटलेला नाही.

म्हणून माझ्या मते खरं यश मिळालं ते माल पकडण्यात नाही, माल हलवण्यात आणि संपवण्यात. १९९४ मध्ये कझाकस्तानात उस्त-कामेनोगोर्स्कच्या उल्बा कारखान्यात साधारण ६०० किलो उच्च समृद्ध युरेनियम जेमतेम राखणीत पडून होतं, कझाक सरकारने स्वतः अमेरिकेला सांगितलं आणि गुपचूप मोहीम करून ते सगळं विमानाने अमेरिकेत नेलं. प्रोजेक्ट सफायर. २००२ मध्ये बेलग्रेडजवळच्या विंचा संस्थेतून ४८ किलो रशियात परत पाठवलं. २०१० मध्ये चिलेतून माल काढायचं काम चालू असतानाच तिथला प्रचंड भूकंप झाला, तरी तो बाहेर पडला. युक्रेनने २०१२ पर्यंत आपलं सगळं उच्च समृद्ध युरेनियम देऊन टाकलं. आणि सगळ्यात मोठं काम म्हणजे १९९३ ते २०१३ या वीस वर्षांत रशियाच्या अस्त्रांतलं ५०० टन उच्च समृद्ध युरेनियम पातळ करून अमेरिकेतल्या अणुभट्ट्यांत जाळलं, २०,००० अस्त्रांना पुरेल इतका माल, अमेरिकेच्या विजेचा जवळपास दहावा हिस्सा त्या काळात यातून येत होता. जो माल उरलाच नाही तो कोणी चोरू शकत नाही, आणि तरी याची बातमी कधी पहिल्या पानावर येत नाही.

---

बंदरकाठ

सांजवेळ, लुचचं एवढं तपशिलात माहीत नव्हतं, पूर्ण सहमत. फक्त एक भर घालतो, आतला माणूसच असेल तर कुंपणं वाढवून उपयोग नाही. म्हणून दोन माणसांशिवाय खोली उघडायची नाही, दारावर पोर्टल, प्रत्येक डब्याला क्रमांकाचं सील, आणि वजनाचं मोजमाप वेगळ्या माणसाने करायचं, अशा साध्या गोष्टींवर नंतर भर दिला गेला. पण बाहेरून हल्ला होतच नाही असंही नाही. २००७ मध्ये दक्षिण आफ्रिकेत पेलिंडाबाला, जिथे शेकडो किलो उच्च समृद्ध युरेनियम आहे तिथे, हत्यारबंद टोळी विजेचं कुंपण निकामी करून आत शिरली, नियंत्रण कक्षापर्यंत गेली, तिथल्या अधिकाऱ्याला गोळी घातली आणि निसटली. माल गेला नाही हे नशीब.

---

कलमदान

पोलीस गिऱ्हाईक असतात त्याबद्दल. ऑगस्ट १९९४, मॉस्कोहून म्युनिकला उतरलेल्या लुफ्थान्साच्या विमानातल्या बॅगेत ३६३ ग्रॅम प्लुटोनियम. जर्मनीत खळबळ, निवडणुका तोंडावर. मग हळूहळू बाहेर आलं की जर्मन गुप्तचर खात्याचे खबरे आणि गिऱ्हाईक बनलेले अधिकारीच महिनोन्महिने माल मागत होते, संसदेची चौकशी बसली. प्रवाशांनी भरलेल्या विमानातून प्लुटोनियम येऊ दिलं हा एक भाग, आणि दुसरा म्हणजे तुम्ही एवढी मोठी किंमत बोललात म्हणून तो माल कोणी चोरायला गेला का? गिऱ्हाईक नसताना पोलिसांनीच बाजार उभा करायचा हे मला पटत नाही.

---

सांजवेळ

कलमदान, म्युनिकबद्दल तुमचं बरोबर आहे पण त्यावरून सापळे बंद करा म्हणता येणार नाही. २००६ मध्ये जॉर्जियात तिबिलिसीला एक जण सुमारे ८० ग्रॅम, ८९ टक्क्यांचं युरेनियम जाकिटाच्या खिशात प्लास्टिकच्या पिशवीत घालून आला होता आणि म्हणत होता अजून दोन-तीन किलो देऊ शकतो. २०१० मध्ये परत तिथेच, येरेवानहून रेल्वेने, सिगारेटच्या पाकिटात शिशाचा अस्तर लावून १८ ग्रॅम. दोन्ही वेळेला माल आधीच बाहेर आलेला होता, पोलिसांनी तो मागवून चोरायला लावला नाही. अलीकडचं घ्या, म्यानमारमधल्या बंडखोर गटाकडचा माल विकू बघणाऱ्या जपानी टोळीच्या एका म्होरक्याने जानेवारी २०२५ मध्ये न्यूयॉर्कच्या कोर्टात गुन्हा कबूल केला. तोही सापळाच होता, आणि त्याने दिलेल्या नमुन्यात प्रयोगशाळेला अस्त्रायोग्य प्रतीचं प्लुटोनियम सापडलं. सापळा लावला नसता तर कळलं कसं असतं? आधीच बाहेर असलेला माल परत आणायला सापळा आणि माल निर्माण करायला लावणारा सापळा, यात फरक केला पाहिजे, आणि हा फरक कोर्टात तपासला गेला पाहिजे एवढं मात्र मान्य.

---

कलमदान

हा फरक मान्य. पण तो तपासायचा तर खटले उघड चालायला हवेत. जॉर्जियातला २००६ चा खटला बंद दाराआड झाला, जगाला कळायला पुढचं वर्ष उजाडलं.

---

आडवळण

दोघांचंही वाचून विचारात पडलो. एक शंका, पकडलेला माल कुठून आला हे प्रयोगशाळेत शोधता येतं ना? मग ज्याच्याकडून गेला त्याला जाब का विचारत नाहीत?

---

अणुरेणू

बरंच शोधता येतं. रुसेची ती कुपी अमेरिकेत लिव्हरमोर प्रयोगशाळेत गेली आणि त्यांनी काही सोडलं नाही. युरेनियम वापरलेल्या इंधनातून परत काढलेलं आहे हे त्यातल्या यू-२३६ वरून कळलं. यू-२३४ चा हळूहळू थोरियम-२३० होतो, त्यांचं प्रमाण बघून माल शेवटचा शुद्ध केला तो १९९३ च्या शेवटाकडे, असं काढलं. डबीत कुपीभोवती पिवळं मेण होतं, त्यातला रंग बेरियम क्रोमेटचा. कागद कुठल्या झाडांच्या लगद्याचा ते पाहिलं तर पूर्व युरोपकडे बोट जात होतं. २००१ मध्ये पॅरिसला अर्धा ग्रॅम सापडलं आणि २०११ मध्ये मोल्दोवात किशिनावला काही ग्रॅम, दोन्ही ठिकाणी मालाची जात तशीच. म्हणजे बारा वर्षांत तीन देशांत सापडलेले हे नमुने एकाच साठ्यातले असावेत अशी दाट शंका, आणि तो साठा अजून कुठेतरी असू शकतो.

पण बोट दाखवायचं तर जुळवून बघायला मूळ कारखान्याचा नमुना लागतो, आणि कुठलाही देश आपल्या अस्त्रांच्या मालाची रासायनिक माहिती दुसऱ्याला देत नाही. प्रत्येक देशाने निदान आपल्यापुरती नमुन्यांची नोंद ठेवावी आणि विचारणा झाली तर हा आमचा आहे किंवा नाही एवढं सांगावं, असा प्रयत्न चालू आहे. हो म्हणणं म्हणजे आमच्याकडून चोरी झाली ही कबुली, त्यामुळे उत्तरं येत नाहीत. तंत्र तयार आहे, अडलंय ते इथे. त्यात २०१४ नंतर रशिया आणि अमेरिकेचं या बाबतीतलं सहकार्य जवळपास थांबलं आणि जगातला बहुतांश अस्त्रायोग्य माल याच दोघांकडे आहे.

दवाखान्यातल्या आणि कारखान्यातल्या स्रोतांच्या बाबतीत मात्र परिस्थिती जास्त आशादायक आहे कारण तिथे लष्करी गुपित नाही. रक्तपेढीत रक्तावर किरण टाकायला सीझियमचं यंत्र लागायचं, आता तेच काम क्ष-किरणांच्या यंत्राने होतं, फ्रान्स आणि नॉर्वेने आपली सीझियमवाली यंत्रं बदलून टाकली. वीज बंद केली की क्ष-किरण बंद, चोरून न्यायला आत काही नाही. जिथे स्रोत ठेवावाच लागतो तिथे २००७ पासून एक नवी खूण आहे, लाल त्रिकोण, वरून येणारे किरण, कवटी आणि पळणारा माणूस. तीन पाकळ्यांची जुनी खूण बघून ती पंख्याची वाटणारे लोक खूप होते, म्हणून वेगवेगळ्या देशांत लहान मुलांपासून सगळ्यांना दाखवून ही निवडली. ती यंत्राच्या बाहेर दिसत नाही, कोणी झाकण उघडून आतला भाग सुटा करायला लागला की त्याच्या नजरेला पडेल अशा जागी लावतात.